हौदावरची जागा

“आई, उद्या मॅचला तू ये. पण अप्पांना नको.”

मी भाकरी थापत होते. हात परातीतच थांबला. त्रिशला चुलीपुढं पाट ओढून बसली होती आणि माझ्याकडं न बघता कोपराची खपली खरवडत होती. लाइट गेलेली, स्वयंपाकघरात अंधारून आलेलं, म्हणून मी चिमणी पेटवून कोनाड्यात ठेवली होती.

“नको म्हणजे? अगं, तुला खेळायला शिकवलं कुणी? मी शिकवलं?”

“म्हणूनच सांगते. मागच्या मॅचला काय झालं तुला ठाऊक नाही. गिरणीतनं उठून तसेच आले. भुवया पांढऱ्या, कानात पीठ, डोक्याला टॉवेल. आणि काय ते ओरडणं! त्रिशे सोड, त्रिशे घे, त्रिशे मार! रेफ्रीनं खेळ थांबवून त्यांना गप्प बसायला सांगितलं. समोरच्या पोरी हसत होत्या. होस्टेलवर आता मला सगळ्या पीठवाली म्हणतात.”

“म्हणू देत. पीठ काय चोरून आणलंय?”

“आई, तुला नाही कळायचं. उद्या विद्यापीठाचे निवड करणारे लोक यायचेत. घोरपडे सर म्हणाले, उद्या जिंकलो तर माझं नाव नक्की. मी खेळू का त्यांच्याकडं बघू? अंगावर पीठ घेऊन येतात गं ते. मला लाज वाटते.”

शेवटचं वाक्य बोलली आणि रडायलाच लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर तिच्या ब्लाउजवरही पिठाची बोटं उमटली. मग रडता रडता हसली. पोरगीच ती. एकोणिसावं लागलं होतं नुकतं.

आता तुम्ही म्हणाल, असा कसा बाप, पोरीला लाज वाटावी असा. तर आमच्या ह्यांचं सांगते. भूपाल मगदूम म्हटलं की पंचक्रोशीत पिठाची गिरणी आठवायची. स्वयंपाकघर आणि गिरणी यांच्यात एक भिंत. दिवसभर पट्टा फडफडायचा, भांडी हादरायची. आमच्या घरात हळू बोलणं कुणाला येतच नव्हतं. मीठ मागायचं तरी बोंबलून मागायचं. माहेरी गेले की माझी आई म्हणायची, “राजमती, मी बहिरी न्हाई गं.” ह्यांचा आवाज तर विचारूच नका. ओढ्यापलीकडच्या माणसाला दळण झाल्याचं हे दारातनं सांगायचे.

तरुणपणी हे गावच्या संघात व्हॉलीबॉल खेळायचे. सासरे गेले, गिरणी अंगावर पडली आणि खेळ सुटला. तो त्यांनी त्रिशलेत काढला. गोठ्यापुढच्या अंगणात चुलीतल्या राखेची रेघ ओढायचे. कडुलिंबाला दोरी बांधलेली. दोरीपलीकडनं थोरला अजित बॉल मारायचा, अलीकडं त्रिशला. आणि हे कुठं? जनावरांच्या पाण्याच्या हौदावर. रेघ बरोबर हौदापाशी संपायची. त्या टोकाला कठड्यावर बसून एक डोळा मिटायचे आणि रेघेवरनं नजर टाकायचे, सुतार फळी बघतो तशी. बॉल आत पडणार असला की “घे!” बाहेर जाणार असला की “सोड!”

ह्यांनी सोड म्हटलं की पोरगी मागं वळूनसुद्धा बघायची नाही. हात खाली. बॉल रेघेबाहेर पडायचा. तिसरीत असल्यापासनं हे चाललेलं. कधी चुकले नाहीत असं मी म्हणणार नाही, पण मला तरी आठवत नाही.

तर सकाळी त्रिशला बॅग घेऊन निघाली. हे गिरणीच्या दारात उभे होते.

“अप्पा, आज बाजार ना? गिऱ्हाईक असेल तुमचं. तुम्ही नका दगदग करू. आई येतीय.”

मला वाटलं, आता हे उसळणार. गिरणी गेली खड्ड्यात म्हणणार. पण हे म्हणाले, “व्हय की. लई गर्दी असती आज. मला कुठलं जमायला?” आणि टॉवेल झटकत आत गेले. एवढ्यावर ऐकतील असं मला वाटलं नव्हतं. बरं झालं, म्हणून मी कामाला लागले.

दुपारी मी एसटीनं तालुक्याला गेले. जन्मात पहिल्यांदा मॅच बघणार होते. कॉलेजच्या ग्राउंडवर मंडप घातलेला, बायकांना सतरंजी अंथरलेली. मातीवर पांढरी फक्की मारून चौकोन आखलेला, मध्ये जाळी. माझ्या शेजारी शमा मुल्लाणी म्हणून पोरगी बसली होती, त्रिशलेची होस्टेलातली मैत्रीण. पाय प्लास्टरमध्ये, म्हणून खेळत नव्हती. तिनं माझी शिकवणीच घेतली.

“काकू, आत्ता टाळ्या नका वाजवू. पॉइंट नाही मिळाला.”

“का? बॉल तर त्यांच्याकडं पडला की!”

“सर्व्हिस त्यांची होती. आता सर्व्हिस आपली झाली. आता पडला की पॉइंट.”

“म्हणजे एकदा जिंकायचं ते नुसतं जिंकायची पाळी यावी म्हणून?”

“तसंच काहीतरी,” शमा हसत म्हणाली.

मला मेलं काही कळेना, पण त्रिशला कळत होती. घरात तांब्या उचलायला कुरकुरणारी माझी पोर मातीत लोळण घेत होती, उठत होती, झटकत होती, ओरडत होती. पहिला डाव आमच्या पोरींनी घेतला तेव्हा मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. दुसरा गेला तेव्हा पलीकडच्या कॉलेजच्या मास्तरणीशी मी चक्क भांडले. “तुमची ती उंच पोरगी जाळीला हात लावती! मी बघितलंय!” शमानं मला पदर धरून खाली बसवलं. “काकू, तुम्ही तर अप्पांच्या वरताण!” पदर डोक्यावरनं कधी पडला, माझं मलाच कळलं नव्हतं.

मंडपाच्या तोंडाशी खुर्च्यांवर तीन-चार माणसं बसली होती, टोप्या घातलेली. शमा म्हणाली, तेच ते निवड करणारे. त्यांच्यातला एक जण सारखा त्रिशलेकडं बोट दाखवून शेजारच्याच्या कानाला लागत होता. माझी छाती अशी भरून आली म्हणता! वाटलं, आत्ता हे हवे होते. हे नाहीत म्हणून पहिल्यांदा मला वाईट वाटलं ते तेव्हा. घरी जाऊन सगळं सांगायचं म्हणून मी बारीकसारीक मनात साठवायला लागले.

तिसरा डाव मात्र जीव घेणारा. पॉइंट आम्हाला, पॉइंट त्यांना. शेवटी त्यांचा एक पॉइंट जास्त झाला, आणि सर्व्हिसही त्यांचीच.

“हा गेला तर?” मी विचारलं.

“हा गेला तर संपलं, काकू.” शमानं माझा हात घट्ट धरला.

त्रिशला मागच्या कोपऱ्यात होती, माझ्यापासनं हाकेच्या अंतरावर. गुडघ्यात वाकलेली, हात पुढं. पलीकडच्या उंच पोरीनं सर्व्हिस मारली. बॉल उंच आला. लांब आला. त्रिशला दोन पावलं मागं सरकली, हात जुळवले, आणि तेवढ्यात आवाज आला.

“त्रिशे, सोड!”

सगळ्या गलक्यातनं आला. पोरीचे हात खाली गेले. मागं बघितलं नाही, पुढं बघितलं नाही, हात आपसूक खाली गेले, अंगणात जायचे तसे.

बॉल तिच्या खांद्यावरनं गेला आणि रेघेवर पडला. फक्की उडाली. पांढऱ्या धुळीचा एवढासा ढग उठला आणि बसला. तेवढं सगळ्यांना दिसलं. शिट्टी वाजली, पलीकडच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

मी आवाजाकडं बघितलं. जाळीच्या पलीकडं, पार त्या टोकाला सायकल स्टँड होतं. पत्र्याच्या खांबाआड हे उभे होते. धुवट पांढरा शर्ट, लग्नाकार्यातला. डोक्याला टॉवेल नव्हता, हातात होता, आणि आता तो त्यांनी तोंडावर दाबून धरला होता. तिथनं त्यांना रेघ कुठली दिसणार? बॉल समोरनं लांब जाताना दिसला, तेवढंच. आत का बाहेर, ते रेघेच्या टोकालाच कळतं. हे त्यांनीच पोरांना शंभरदा सांगितलेलं.

त्रिशलाही तिकडंच बघत होती. क्षणभरच. मग तिनं नजर काढून घेतली.

घोरपडे सर धावत आले. “त्रिशला! अगं सोडलास का? हातात आला होता!”

“सर, मला वाटलं बाहेर जाईल.”

“कुणीतरी ओरडलं का?”

“नाही सर. माझंच चुकलं.”

मी पुन्हा सायकल स्टँडकडं बघितलं. तिथं कुणी नव्हतं.

आम्ही दोघी एसटीनं परतलो. ती खिडकीला डोकं लावून बसली होती. मी एकदा म्हटलं, “त्रिशे, ते...” ती म्हणाली, “आई, माझं डोकं दुखतंय.”

घरी आलो तर गिरणी धाडधाड चाललेली. हे दळत होते. रोजचा मळका शर्ट, भुवया पांढऱ्या, कानात पीठ. पांढरा शर्ट मी त्याच संध्याकाळी ट्रंकेत बघितला, जागच्या जागी घडी घालून ठेवलेला, कॉलर घामानं ओली. ह्यांनी पट्टा पाडला. एकदम शांत झालं.

“काय झालं मॅचचं?” ह्यांनी विचारलं. त्रिशलेकडं बघून नाही, पिठाच्या डब्याकडं बघून.

मी पोरीकडं बघितलं.

“हरलो, अप्पा. शेवटचा बॉल मी सोडला. बाहेर जाईल असं वाटलं मला.”

“हां.” ह्यांनी डब्याचं झाकण लावलं. “वाटतं असं कधी कधी.”

दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा आमच्या घरचा नेम. त्या दिवशी मी वाढलं. पोरगी म्हणाली, भूक नाही. हे म्हणाले, बाजारात खाल्लंय. मी म्हटलं, मग मी एकटी काय जेवू? ताटं तशीच राहिली आणि दिवस मावळला. अजित तेवढा शेतावरनं उशिरा आला आणि विचारत राहिला, कुणी मेलंय का काय.

मला वाटलं, उद्या बोलतील. सकाळी एकमेकांपुढं येतील, पोरगी तणतणेल, हे आपले कान धरतील, संपेल. भांडतील तरी! पण ती त्यांना वाचवत होती आणि हे तिच्या वाचवण्याला धरून बसले होते. ती म्हणणार नाही तुम्ही ओरडलात. हे म्हणणार नाहीत मी आलो होतो. मध्ये मी. कुणापुढं तोंड उघडलं असतं तरी दुसरा उघडा पडला असता.

विद्यापीठाच्या संघात तिचं नाव आलं नाही. ती पुढं वर्षभर कॉलेजकडनं खेळली, पण घोरपडे सर एकदा दळण घेऊन आल्यासारखे गिरणीत येऊन मला म्हणाले, “वहिनी, पोरीला काय झालंय? एक बॉल सोडत नाही. साफ बाहेर चाललेला बॉलसुद्धा धावून जाऊन घेते आणि पॉइंट घालवते. मी ओरडतो सोड म्हणून, तर ऐकूच येत नाही तिला.” हे शेजारी चाळण झटकत होते. झटकतच राहिले.

आणि ह्यांचा आवाज गेला. म्हणजे घसा नाही बसला, बोलायचेच हळू. गिरणी चालू असताना माणसं म्हणायची, “भूपालमामा, काय म्हणालासा?” हे हातानं खूण करायचे. अंगणातल्या राखेच्या रेघेवर पुढं कोंबड्या फिरल्या, पाऊस पडला. हौदावर हे पुन्हा बसले नाहीत. जनावरांना पाणी पाजायचं तर बादलीनं पाजायचे.

त्रिशला निपाणीला दिली. जावई चांगला, सुखात आहे पोरगी. शाळेत मराठी शिकवते. खेळाचा तास कुणी घ्यायला सांगितला तर मात्र डोकं दुखतंय म्हणते. माहेरी येते, अप्पांच्या पाया पडते, औषधं विचारते, त्यांना आवडतो म्हणून शेंगदाण्याचा लाडू करून आणते. कुणी म्हणेल का, बापलेकीत काही आहे म्हणून? नव्हतंच काही. जे होतं त्याच्या बाजूबाजूनं दोघं चालत होते, एवढंच.

गिरणीनं शेवटी ह्यांचे कान नेले. ऐकायचं यंत्र आणून दिलं अजितनं, ते खणात पडून असतं. आता मी उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडले तरच ऐकू येतं. बाकीच्यांपुढं नुसते हसतात.

परवाच्या उन्हाळ्यात अजितनं चारचाकी घ्यायची ठरवली. अंगणात जागा पाहिजे, गोठा तर कधीच रिकामा झालेला, म्हणून हौद पाडायला गवंडी सांगितला. रविवारी त्रिशला आली होती. चहा पिता पिता अजित म्हणाला, “उद्या हौद जातोय बघ.” तिनं कप खाली ठेवला.

“उद्या?”

“मग काय, पूजा घालायची का त्याची?”

ती उठली. माझ्या देव्हाऱ्यापाशी रांगोळीचा डबा असतो, तो घेतला आणि अंगणात गेली. राख कुठली मिळायची, चुली कधीच गेल्या. कमरेत वाकून, केस पांढरे झालेली माझी पोर रांगोळीची रेघ ओढत ओढत हौदापर्यंत गेली. मग आत येऊन तिनं ह्यांचा हात धरला.

“अप्पा, चला.”

ह्यांना कळेना. माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, जावा की. तिनं त्यांना हौदापाशी नेलं आणि दंडाला धरून कठड्यावर बसवलं. पाय लोंबकळत होते. माणसाची सवय बघा, बसल्या बसल्या एक डोळा मिटला आणि रेघेवरनं नजर टाकली.

त्रिशला त्यांच्या पायाशी मातीत बसली आणि बोलायला लागली. ओरडून नाही, तुमच्या-आमच्यासारखं. “अप्पा, मला तेव्हाच कळलं होतं. तुमचाच आवाज होता. तुम्ही तिथनं ओरडलात, कारण तुम्हाला रेघेवर उभं राहायला मीच येऊ दिलं नाही. तुमचं काही चुकलं नव्हतं. मला आधीच बोलायला पाहिजे होतं, अप्पा. रोज वाटायचं.”

हे तिच्या ओठांकडं बघून हसत होते. बहिरी माणसं हसतात तसं. मग माझ्याकडं वळले. “काय म्हणती?”

एवढं सगळं मी आता कसं ओरडून सांगू? मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, “म्हणती, तुम्हाला त्या दिवशी रेघेवर बसवायला पाहिजे होतं!”

हसू गेलं. कुठला दिवस, असं त्यांनी विचारलं नाही. रांगोळीच्या रेघेकडं बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

“आंघोळ करून आलो होतो गं मी,” ते म्हणाले. “चांगला साबण लावून. अंगावर पीठ नव्हतं माझ्या.”

त्रिशलेनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं. मॅचच्या आदल्या संध्याकाळी लाइट नव्हती. कोनाड्यात चिमणी होती. भिंतीपलीकडं गिरणी बंद पडली होती, हे आत अंधारात लाइट यायची वाट बघत बसले होते, आणि आम्ही दोघी मायलेकी सवयीप्रमाणं मोठ्यानं बोलत होतो.

पोरीनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि तोंड दाबून रडायला लागली. ह्यांना ऐकू आलं नाही. ते तिच्या केसांवरनं हात फिरवत रेघेकडं बघत बसले होते.